खोकला, शिंक, जिना: मूत्रमार्गाखाली पट्टी (स्लिंग) बसवून घेतलेलं इथे कुणी आहे का?

अडगळीतली_सायकल

बरेच दिवस रोमात (नुसती वाचत) होते, आज लाजतलाजत धागा काढतेय. वय ४७. दोन बाळंतपणं, दुसरं चिमटा लावून झालं. गेली सहा-सात वर्षं खोकले, शिंकले, जिना भराभर उतरले की लघवी होते. आधी नुसते थेंब असायचे, आता पॅडशिवाय घराबाहेर पडत नाही. धावणं सुटलं. चार जणांत कुणी विनोद सांगायला लागलं की मी आधी पायावर पाय टाकून आवळून घेते आणि मगच हसते.

गेल्या आठवड्यात धीर करून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी खोकायला लावलं, जे दिसायचं ते दिसलं. म्हणाल्या, "टीव्हीटी करून टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे." मूत्रमार्गाच्या खाली जाळीची एक पट्टी ठेवतात म्हणे, कायमची. घरी येऊन वाचायला बसले आणि झोप उडाली. एकीकडे 'या तक्रारीवरची सगळ्यात जास्त अभ्यासली गेलेली शस्त्रक्रिया', दुसरीकडे कोर्टातले खटले, बंदी, धड बसताही न येणाऱ्या बायकांच्या मुलाखती. एकाच पट्टीबद्दल या दोन्ही गोष्टी कशा खऱ्या असतील?

ज्यांनी करून घेतलंय त्यांनी खरंखरं सांगा. 'काही होत नाही गं' असं मात्र सांगू नका, ते घरात सांगणारे पुष्कळ आहेत.

---

दगडफूल

सायकल, माझं झालंय. नऊ वर्षं झाली. टीव्हीटीच. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. योनीमार्गाच्या आतून एक छोटी चीर आणि ओटीपोटाच्या खाली, केसांच्या रेषेवर दोन टाचणीएवढ्या खुणा. आता शोधूनही सापडत नाहीत. पहिल्या दिवशी लघवी नीट सुटली की नाही हे बघायला नंतर सोनोग्राफीने मूत्राशयात किती उरलं ते मोजलं. दोन दिवस धार बारीक होती, मग सुरळीत झाली.

खोकल्याने होणारं जे होतं ते त्याच आठवड्यात थांबलं. खोटं नाही सांगत, पहिल्यांदा शिंक आली तेव्हा सवयीने पाय आवळले आणि काहीच झालं नाही, तेव्हा रडू आलं.

एक मात्र सांगते. घाईची लघवी, म्हणजे लागली की दार उघडेपर्यंत दम निघत नाही, ती थोडी आधीपासून होती आणि ती तशीच राहिली. किंचित वाढलीच म्हण. ते या ऑपरेशनने जात नाही हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

---

सरळसोट

एवढ्यासाठी ऑपरेशन? रोज केगल (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम) करा, वजन कमी करा, तीन महिन्यांत फरक पडेल. आजकाल जरा काही झालं की कापाकापी. आमच्या आज्यांना सात-आठ मुलं व्हायची, त्या कुठे पट्ट्या बसवून घेत होत्या?

---

दगडफूल

>> आमच्या आज्यांना

तुमच्या आजीने तुम्हाला सांगितलं असतं का हो?

---

उठाबशा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवरच काम करते. सरळसोट यांचं अर्धं बरोबर आहे आणि नेमकं तेच अर्धं चुकीच्या पद्धतीने सांगितलं जातं.

अर्नोल्ड केगल यांनी हे व्यायाम १९४८ साली मांडले, तेव्हा बाईला आपला स्नायू खरंच आवळला जातोय की नाही हे कळावं म्हणून त्यांनी दाब मोजणारं एक उपकरणही सोबत दिलं होतं. पुढे उपकरण मागे पडलं आणि 'आवळा-सोडा' एवढंच उरलं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी वर्षभर 'केगल करतेय' म्हणतात आणि तपासलं तर आत वर खेचण्याऐवजी खाली कुंथत असतात. म्हणजे जे थांबवायचं तेच रोज पन्नास वेळा करायचं. श्वास रोखणं, पोट ताठ करणं, कुल्ले आवळणं, हे सगळं म्हणजे केगल नाही.

सायकल, एकदा कुणाकडून तरी हाताने तपासून घे की स्नायू आवळला जातोय का. मग किमान तीन महिने, रोज, नीट. खोकायच्या क्षणभर आधी आवळायची सवय लावून घ्यायची. ही युक्ती एकटीच पुष्कळांचं काम भागवते.

आता दुसरी बाजू. नेदरलँड्समध्ये मध्यम ते तीव्र त्रास असलेल्या ४६० बायकांवर एक अभ्यास झाला, २०१३ साली छापून आला. निम्म्या फिजिओथेरपीकडे, निम्म्या थेट पट्टीकडे. वर्षअखेरीस पट्टीवाल्यांपैकी जवळपास ९१ टक्क्यांना बरं वाटत होतं, व्यायामवाल्यांपैकी ६४ टक्क्यांना. आणि व्यायामवाल्यांपैकी ४९ टक्के जणी वर्ष संपायच्या आत स्वतःहून ऑपरेशनकडे वळल्या होत्या. माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाणारे हे आकडे मी मुद्दाम सांगते. पण ते उलटेही वाचा: निम्म्या जणींना ऑपरेशन लागलंच नाही.

वजनाचंही खरं आहे. जास्त वजनाच्या ३३८ बायकांच्या एका अभ्यासात सहा महिन्यांत सरासरी आठ टक्के वजन उतरलं आणि आठवड्यातून होणारी गळती जवळपास निम्म्यावर आली. 'तुझ्या जाडीमुळे होतंय' असं टोचून बोलायला हा आकडा वापरू नये, एवढंच.

---

पांढराकोट_निवृत्त

याच विषयात काम केलेली निवृत्त डॉक्टर आहे. इथे कुणाला तपासू शकत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा.

सायकलताई, तुमच्या धाग्यात एक गोष्ट नाही आणि माझ्या मते सगळं तिथेच अडतं. गळती दोन प्रकारची असते. खोकला, शिंक, उडी, वजन उचलणं, म्हणजे पोटातला दाब अचानक वाढला की होणारी एक. आणि लघवीची अनावर घाई होऊन, पोचायच्या आत होणारी दुसरी. त्यात मूत्राशय स्वतःच नको तेव्हा आकुंचन पावतं. पट्टी फक्त पहिलीसाठी आहे. दुसरीला सवय बदलणं, मूत्राशयाला शिस्त लावणं, औषधं, फार झालं तर मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन, असा वेगळाच रस्ता आहे. दोन्ही एकत्र असणाऱ्या बायका भरपूर. दगडफूल यांना जे झालं ते नेमकं हेच.

म्हणून आधी तीन दिवसांची नोंदवही ठेवा. किती प्यायलं, किती वाजता, किती लघवी झाली (मापाच्या भांड्यात मोजून), केव्हा गळली आणि तेव्हा काय करत होतात. कागद आणि पेन पुरतं. यातून जे कळतं ते पुष्कळदा महागड्या तपासण्यांतूनही कळत नाही. साधी, सरळ, फक्त खोकल्याची गळती असेल तर युरोडायनॅमिक तपासणी (मूत्राशयातला दाब आणि लघवीची धार मोजणारी) केली काय न केली काय, ऑपरेशनच्या यशात फरक पडत नाही. अमेरिकेत ६३० बायकांवर हे तपासून पाहिलंय, दोन्हीकडे यश ७७ टक्के. मात्र आधी ऑपरेशन झालेलं असेल, लघवी साठून राहत असेल, किंवा चित्र मिश्र असेल तर ती तपासणी जरूर करावी.

आता पट्टी करते काय. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा. त्याच्या खाली योनीमार्गाच्या पुढच्या भिंतीची एक झोळी असते. खोकला आला की मूत्रमार्ग या झोळीवर दाबला जाऊन मिटतो. बागेतला रबरी पाइप सिमेंटवर पायाने दाबला तर पाणी थांबतं, चिखलात दाबला तर पाइप नुसता रुततो आणि पाणी चालूच राहतं. बाळंतपणात, वयाने, झोळी ढिली पडते म्हणजे तो चिखल होतो. पट्टी त्याखाली पुन्हा टणक आधार देते.

पूर्वी समज असा होता की मूत्राशयाची मान (जिथून मूत्रमार्ग सुरू होतो ती जागा) वर उचलून बांधायची. १९६१ची बर्च यांची शस्त्रक्रिया त्याच विचाराची. उल्मस्टेन आणि पेट्रोस या दोघांनी १९९० मध्ये वेगळं म्हटलं, की आधार मानेपाशी नको, मूत्रमार्गाच्या मध्यावर हवा, आणि तो ताणलेला नको, नुसता खाली असावा. त्यातून नव्वदीच्या दशकाच्या मध्याला ही पट्टी आली. साधारण सेंटीमीटरभर रुंद, पॉलीप्रॉपिलीनच्या एकेरी धाग्याची, मोठ्या छिद्रांची विणलेली. छिद्रं मोठी ठेवतात ती अशासाठी की शरीराच्या पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरून तिला धरून ठेवतात आणि जंतूंना लपायला जागा राहत नाही. सुरुवातीला हे ऑपरेशन जागेवरच्या भुलीखाली करायचे आणि टेबलावरच बाईला खोकायला लावून पट्टी किती सैल सोडायची ते ठरवायचे. पट्टी आणि मूत्रमार्ग यांच्यात कात्री सरकेल एवढी फट ठेवायची, हे आमच्या हाताला शिकवलेलं पहिलं वाक्य. घट्ट बसली की लघवी तुंबते.

---

अर्धविराम

मला वाटलं होतं मी या धाग्यावर लिहिणार नाही.

माझी पट्टी टीओटी पद्धतीची, म्हणजे जांघेतून दोन्हीकडे काढलेली. गळती थांबली. पण उजव्या जांघेत आत कुठेतरी दुखायला लागलं ते थांबलं नाही. गाडीतून उतरताना पाय बाहेर टाकला की कळ. चार महिन्यांनी संबंधांच्या वेळी नवऱ्याला काहीतरी टोचलं. त्याने आधी सांगितलंच नाही, मला वाईट वाटेल म्हणून. मग मधूनमधून गुलाबी स्राव. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे गेले तर 'मनाचं आहे, वय होतंय' असं ऐकलं. तीन वेळा. चौथ्या वेळी दुसरीकडे गेले, तिथल्या बाईंनी दोन मिनिटं बघून सांगितलं की पट्टीचा तुकडा योनीमार्गाच्या भिंतीतून उघडा पडलाय.

मधला भाग काढला. टोचणं गेलं, स्राव गेला, जांघेतली कळ अर्धी गेली. गळती परत आली, आधीपेक्षा थोडी कमी.

मी कुणाला 'करू नका' म्हणत नाही. पण करायच्या आधी एक प्रश्न विचारा: उद्या ही काढायची वेळ आली तर कोण काढेल, आणि सगळी निघते का? मी विचारलाच नव्हता.

---

पांढराकोट_निवृत्त

अर्धविराम, लिहिलंत हे फार मोलाचं आहे. तुम्हाला तीनदा परत पाठवलं ही पट्टीची नव्हे, माणसांची चूक. उघडी पडलेली पट्टी बोटाला लागते. ती शोधायची इच्छा असावी लागते.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर: सगळी काढणं अवघड आहे. पट्टीत ऊती वाढतात हाच तिचा गुण, आणि काढायच्या वेळी तोच दोष. योनीमार्गाजवळचा भाग काढता येतो, पण जांघेच्या स्नायूंत गेलेले किंवा जघनास्थीमागून (ओटीपोटाच्या खालच्या, पुढच्या हाडामागून) वर गेलेले फाटे काढायला वेगळ्या, मोठ्या शस्त्रक्रिया लागतात आणि त्या करणारे हात मोजके.

आकड्यांत सांगायचं तर इंग्लंडमधल्या ९५ हजार बायकांच्या नोंदींवरून नऊ वर्षांत पट्टी काढावी लागण्याचं प्रमाण ३.३ टक्के निघालं. मात्र हे फक्त काढलेल्यांचं. तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात पाच वर्षांपर्यंतच्या सगळ्या गुंतागुंती धरल्या, अगदी ऑपरेशनच्या दिवशीच्यासुद्धा, तेव्हा आकडा ९.८ टक्क्यांवर गेला. आणि रुग्णालयात परत न गेलेल्या, घरी सोसत बसलेल्या बायका दोन्हींत नाहीत.

---

अडगळीतली_सायकल

अर्धविराम, तुला मनापासून धन्यवाद. तीन वेळा वाचलं.

>> टीओटी पद्धतीची, म्हणजे जांघेतून

हा फरक मला कुणी सांगितलाच नाही. मला तर टीव्हीटी म्हणाल्या. कोणती बरी?

---

पांढराकोट_निवृत्त

टीव्हीटी म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी, जघनास्थीच्या मागून ओटीपोटाकडे जाते. टीओटी आडवी, जांघेकडे. ती २००१ मध्ये दलोर्म यांनी आणली, कारण यू आकाराच्या पट्टीची सुई आंधळेपणाने वर जाताना मूत्राशयाला भोक पाडू शकते. वीसेक जणींत एकीला असं होतं. म्हणून टेबलावरच दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहतात, भोक दिसलं तर सुई काढून पुन्हा घालतात, काही दिवस कॅथेटर (लघवीची नळी) ठेवतात. सहसा पुढे त्रास राहत नाही.

म्हणजे टीव्हीटीत मूत्राशयाची जखम आणि लघवी तुंबणं जास्त, टीओटीत जांघेचं दुखणं जास्त. अमेरिकेतल्या ५९७ बायकांच्या तुलनेत वर्षाअखेर यश ८१ आणि ७८ टक्के आलं, म्हणजे सारखंच. पण लघवी तुंबल्यामुळे पुन्हा ऑपरेशन लागलेल्या टीव्हीटीत २.७ टक्के, टीओटीत एकही नाही; आणि मांडीतला अशक्तपणा, बधिरपणा असल्या तक्रारी ४ विरुद्ध ९.४ टक्के.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर टीव्हीटी. तुंबलेली पट्टी पहिल्या दहा-पंधरा दिवसांत सैल करता येते, नंतर कापता येते. जांघेतलं दुखणं निस्तरणं फार कठीण. शिवाय मूत्रमार्गाचा वॉल्व्हच कमकुवत असेल तर टीव्हीटी जास्त टिकते. माझे काही सहकारी याच्या अगदी उलट बोलतील.

---

घड्याळजी

तुंबण्याचा अनुभव मी सांगते. टीव्हीटीनंतर मला लघवी सुटेचना. आठवडाभर स्वतःच्या हाताने कॅथेटर घालायला शिकले. पहिल्यांदा आरसा धरून पाऊण तास लागला, नंतर दोन मिनिटं. अकराव्या दिवशी पट्टी थोडी सैल केली, दहा मिनिटांचं काम. आता सहा वर्षं झाली, कोरडी आहे. तेव्हा वाटलं होतं जन्मभर नळी घालावी लागणार. कुणाला ऑपरेशन करायचं असेल तर नळी घालायला आधीच शिकून ठेवा, भीती निम्मी होते.

---

निळीशाई

मी डॉक्टर नाही, कागदपत्रं वाचायचा छंद आहे. सायकलच्या मूळ प्रश्नाकडे येते: दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा?

गोंधळाचं मोठं कारण म्हणजे 'जाळी' हा एकच शब्द दोन वेगळ्या कामांना वापरला जातो. एक ही मूत्रमार्गाखालची चिंचोळी पट्टी. दुसरी अंग बाहेर येतं (गर्भाशय किंवा मूत्राशय खाली सरकतं) तेव्हा योनीमार्गातून बसवायची मोठी, रुंद जाळी. दुसरीत जाळी कितीतरी जास्त, आणि त्रासही जास्त. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००८ मध्ये दोन्हींबद्दल सावधगिरीची सूचना काढली, २०११ मध्ये अंग बाहेर येण्यासाठीच्या जाळीबद्दल सांगितलं की यातल्या गंभीर गुंतागुंती क्वचित होणाऱ्या नाहीत, आणि एप्रिल २०१९ मध्ये योनीमार्गातून बसवायच्या त्या जाळीची विक्रीच थांबवायला लावली. लघवीसाठीच्या पट्टीची विक्री तिथे थांबवली नाही.

ब्रिटनमध्ये मात्र पट्टीवरही गदा आली. स्कॉटलंडने २०१४ मध्येच थांबवायला सांगितलं होतं. इंग्लंडमध्ये जुलै २०१८ पासून सरकारने नेमलेल्या ज्युलिया कंबरलेज यांच्या समितीच्या शिफारशीवरून स्थगिती आली, आणि जुलै २०२० मध्ये त्या समितीचा अहवाल. मी तो वाचलाय. त्यात जाळीइतकाच राग दुसऱ्या एका गोष्टीवर आहे: बायका सांगत राहिल्या आणि त्यांना 'हे बायकांचं नेहमीचं' म्हणून परत पाठवलं. शिवाय कुणाला काय बसवलं याची धड नोंदच नव्हती, त्यामुळे किती जणींना त्रास झाला हे मोजताच येईना. ऑस्ट्रेलियाने एकच चीर घेऊन बसवायच्या आखूड पट्ट्या २०१८च्या सुरुवातीला यादीतून काढल्या. न्यूझीलंडने २०२३ मध्ये पट्टीच्या शस्त्रक्रिया थांबवल्या.

तेव्हा वृत्तपत्रातल्या बायका खोट्या नाहीत आणि दगडफूलही खोटी नाही.

---

सरळसोट

हेच तर मी म्हणत होतो. बंदी घातलीय तरी इथे लोक करा म्हणतायत.

---

निळीशाई

स्थगिती आणि बंदी एक नाही. आणि इथे कुणीही 'करा' म्हटलेलं नाही. पुन्हा वाचून बघा.

---

अर्धविराम

सरळसोट, माझ्या अनुभवाचा दगड करून दुसऱ्यांना मारू नका, प्लीज.

---

लेकाचा_प्रश्न

थोडं अवांतर. माझ्या वडिलांची प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ग्रंथी काढली, त्याला चौदा महिने झाले. अजून दिवसाला तीन पॅड लागतात. पुरुषांनाही अशी पट्टी बसवतात असं वाचलं. ते कुणाशीच बोलत नाहीत, बाहेर जाणं बंद केलंय. गडद रंगाच्या पँट्स घेतल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं.

---

पांढराकोट_निवृत्त

अवांतर अजिबात नाही. पुरुषांतली पट्टी वेगळी असते. वृषणांच्या मागच्या भागातून चीर घेऊन मूत्रमार्गाच्या रुंद भागाखाली ठेवतात. ती थोडं वर उचलते किंवा थोडा दाब देते. थोडी ते मध्यम गळती असेल आणि किरणोपचार झालेले नसतील तर चांगली चालते. जास्त गळती असेल तर कृत्रिम स्फिंक्टर, म्हणजे मूत्रमार्गाभोवती पाण्याने भरलेलं कडं, ते उघडायचा छोटा पंप वृषणाच्या पिशवीत आणि पाण्याचा फुगा पोटात. लघवीला जाताना पंप दाबला की कडं सैल होतं आणि काही मिनिटांत आपोआप भरतं. हाताची बोटं आणि डोकं ठीक चालत असलं पाहिजे.

ब्रिटनमध्ये ३८० पुरुषांत दोन्हींची तुलना झाली, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. 'अगदी थेंबही नाही' हा कडक निकष लावला तर वर्षानंतरही दोन्हीकडे आठांपैकी जवळपास सात जणांना थोडीफार गळती होतीच. पण आधीच्यापेक्षा कितीतरी कमी, आणि बहुतेक जण समाधानी होते, स्फिंक्टरवाले थोडे जास्त. वडिलांना हे आधी सांगा, म्हणजे पहिल्या थेंबाला ते खचणार नाहीत.

एक दिवस वापरलेले पॅड कोरड्या पॅडच्या तुलनेत वजन करून डॉक्टरांकडे आकडा घेऊन जा. 'तीन पॅड' म्हणजे पन्नास ग्रॅमही असतात आणि पाचशेही.

---

लेकाचा_प्रश्न

आभारी आहे. स्वयंपाकघरातला काटा घेऊ का असं आईला विचारलं तर म्हणाली नवा आण. :)

---

अडगळीतली_सायकल

पाच आठवड्यांनी परत आलेय. नोंदवही भरली. मला शपथेवर विचारलं असतं तर मी म्हटलं असतं सगळी गळती खोकल्याची. तीन दिवसांत सोळा वेळा गळली, त्यातल्या सात वेळा मी लिहिलंय 'कुलूप उघडताना' किंवा 'नळाचा आवाज आला आणि'. म्हणजे घाईची. आणि दिवसाला आठ-नऊ कप कॅफीन पोटात जात होतं, तेही लिहिल्यावर दिसलं.

डॉक्टर बदलल्या. नव्या बाईंनी वही पाहून सांगितलं की आधी घाईचं बघू. कॅफीन दोन कपांवर आणलं, लघवीला जायचं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवतेय, योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलंय. फिजिओकडेही जातेय. उठाबशा, तू म्हणालीस तसंच निघालं, मी दोन वर्षं खाली कुंथत होते.

---

उठाबशा

:) बारा आठवडे झाल्यावर परत सांग.

---

निळीशाई

दरम्यान एक विचारून घेते. जाळीच नको असेल तर स्वतःच्याच शरीरातली पट्टी घेतात ना?

---

पांढराकोट_निवृत्त

हो, आणि ती पट्टी जाळीपेक्षा फार जुनी. स्नायूंची झोळी करून मूत्रमार्गाला आधार द्यायची कल्पना गोबेल यांनी १९१० मध्येच वापरली होती. पोटाच्या स्नायूवरचं पांढरं, चिवट आवरण (फॅशिया) आल्ड्रिज यांनी १९४२ मध्ये वापरलं. आजही पोटावर आडवी चीर घेऊन त्या आवरणाची पट्टी कापतात आणि मूत्रमार्गाखाली बसवतात. परकं काही नाही, त्यामुळे उघडं पडण्याची भीती जवळपास नाही. आधी किरणोपचार झालेत, मूत्रमार्गाला जखम आहे, किंवा जाळी काढावी लागली आहे, अशांसाठी हीच. अर्धविराम, तुम्हाला पुढे कधी वाटलं तर हा रस्ता बंद झालेला नाही.

पण फुकट काही नाही. पोटावर मोठी चीर, बरं व्हायला जास्त दिवस. बर्चच्या शस्त्रक्रियेशी ६५५ बायकांत तुलना केली तेव्हा खोकल्याच्या गळतीवर हिचं यश दोन वर्षांनी ६६ विरुद्ध ४९ टक्के होतं, आणि लघवी अडकण्याचं प्रमाण १४ विरुद्ध २. जास्त धरते तशी जास्त अडवतेही.

आणखी एक सौम्य पर्याय: मूत्रमार्गाच्या भिंतीत जेलची इंजेक्शनं देऊन तो फुगवणं. दहा-पंधरा मिनिटांत होतं, जागेवरची भूल पुरते. यश पट्टीपेक्षा कमी, कधी कधी पुन्हा घ्यावं लागतं. पण वय जास्त असेल, अजून मूल हवं असेल, किंवा जाळीची धास्ती असेल तर विचार जरूर करावा. व्यायामापुरतंच गळत असेल तर योनीमार्गात बसवायची सिलिकॉनची कडी असते, व्यायामाला जाताना घालायची आणि आल्यावर काढायची. ती कुणी सुचवत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटत आलंय.

---

अर्धविराम

फॅशियाबद्दल मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टर, धन्यवाद. विचार करते.

---

अडगळीतली_सायकल

चार महिने झाले. नवी वही: तीन दिवसांत पाच वेळा. घाईची एकच. उरलेल्या चारांत तीन शुद्ध खोकल्याच्या आणि एक मी बससाठी पळाले तेव्हाची. चालणं, जिना, शिंक यातलं बरंचसं आवरलंय. धावणं मात्र नाही. आणि मला धावायचंय. ती सिलिकॉनची कडी घालून पाहिली, दोन किलोमीटरपर्यंत ठीक, पुढे सरकते.

तर मी पट्टी करून घ्यायचं ठरवलंय. सरळसोट, रागावू नका. टीव्हीटी, दुर्बिणीने तपासणीसह. नव्या बाईंना अर्धविरामचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाल्या, मधला भाग मी काढते, वरचे फाटे मी काढत नाही, त्यासाठी पुढे पाठवते, आणि आजवर माझ्या हातच्या इतक्या पट्ट्या उघड्या पडल्यात. आकडा सांगितला. आधीच्या डॉक्टरांना मी तोच प्रश्न विचारला असता तर त्यांना राग आला असता असं वाटून गेलं. पट्टीच्या पाकिटावरचं लेबल, क्रमांकासकट, माझ्या फाइलला लावून मिळणार आहे. निळीशाई, हे तुझ्यामुळे मागितलं.

नळी घालायला परवा शिकले. घड्याळजी, पाऊण तास नाही, पन्नास मिनिटं.

तारीख पुढच्या महिन्यात आहे. एक शेवटचं विचारायचं राहिलं: मला दर पावसाळ्यात महिनाभर कोरडा खोकला येतो. त्याच्या आधी करू की नंतर?

---

पांढराकोट_निवृत्त

नंतर. खोकला पूर्ण गेल्यावर. पहिले सहा आठवडे पट्टीत ऊती धरत असतात, तोवर जड उचलणं नाही, धावणं नाही, संबंध नाहीत, कुंथणं नाही, म्हणजे बद्धकोष्ठही सांभाळा. पट्टीला कुठेही टाका नसतो, नुसत्या घर्षणावर बसलेली असते. अशा वेळी महिनाभर खोकत बसलात तर ती जिथे ठेवली तिथेच राहील याची खात्री कुणी देणार नाही. तारीख पुढे ढकला, बाईंना कारण सांगा. त्या हो म्हणतील.

---

अडगळीतली_सायकल

ढकलली. त्या 'बरं झालं सांगितलंत' म्हणाल्या.

---

दगडफूल

तोवर धावू नकोस गं.

---

अडगळीतली_सायकल

दोन किलोमीटर धावते. कडी घालून.